शरणप्पाअण्णांची बघणावळ

आमच्या घरात वर्षानुवर्षं नारळ विकत आणावा लागला नाही, तो बंदुकांमुळं. असं सांगितलं की बाहेरगावचा माणूस जरा सावरून बसतो. पण त्यात खोटं काही नाही. सोलापुरात नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत माझं चष्म्याचं दुकान आहे आणि त्याच्या भिंतीला भिंत लागून शरणप्पाअण्णांचं बंदुकांचं दुकान होतं. रीतसर परवान्याचं. ज्याला आपली जुनी बंदूक विकायची आहे, भावाभावांत वाटून घ्यायची आहे, किंवा बापानं मागं ठेवलेल्या या लोखंडाचं आज काय येईल एवढंच जाणून घ्यायचं आहे, तो अण्णांकडं यायचा. आणि येताना एक नारळ आणायचा. या नारळाला अण्णा ‘बघणावळ’ म्हणायचे. शिंपी शिलाई घेतो, सोनार घडणावळ घेतो, तशी ही बघण्याची मजुरी.

बघणावळ आधी काचेवर ठेवायची, मग बंदूक खोळीतून बाहेर काढायची. याला सूट नाही. एकदा एका मोठ्या साहेबांचा माणूस रिकाम्या हातानं आला आणि साहेबांचं नाव घेत उभा राहिला. अण्णांनी त्याला कोपऱ्यावरचं किराणा दुकान दाखवलं. तो धुसफुसत जाऊन नारळ घेऊन आला. अण्णांनी नारळ कानाशी धरून हलवला, आत पाणी वाजलं नाही, तर बदलून आणायला परत पाठवला. मी म्हटलं, अण्णा, साहेब उद्या तुमचंच लायसन बघतील. तर म्हणाले, “भाव ऐकल्यावर राजीखुशीनं कोण देत न्हाय, डाक्टर. आधी घेतलं की मी बी मिंधा न्हाय, तो बी न्हाय.” मी डॉक्टर नाही. डोळे तपासतो एवढ्यावर त्यांनी मला ती पदवी देऊन टाकली होती.

पहिला नारळ सोमवारी सिद्धेश्वराला जायचा. उरलेले त्यांच्या आणि माझ्या घरात निम्मे-निम्मे. आमची ही नारळ फोडताना विचारायची, आज कुणाची रायफल म्हणून. 

अण्णा अक्कलकोटच्या पलीकडचे, कानडी मुलखाच्या काठावरचे. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही. पांढरा सदरा, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. मांस-मच्छी तर सोडाच, ज्या हॉटेलात अंड्याचा वास येतो तिथला चहासुद्धा ते प्यायचे नाहीत. मच्छर चावला तर फुंकर मारून उडवायचे. मारायचाच झाला तर मला हाक. गिऱ्हाइकं चेष्टेनं विचारायची, अण्णा, तुम्ही काय काय मारलंय? तेव्हा ते म्हणायचे की माझा धंदा लोखंडाशी हाय, जीवाशी न्हाय. आणि लगेच पुढचं काहीतरी बोलायला लागायचे, म्हणजे त्या विषयावर शाबासकी मिळवायची सोय नाही.

पण साधा, गरीब बिचारा माणूस असं समजू नका. नम्रपणा त्यांच्या वाटणीला आला तो अगदी चिमूटभर. भाव एकदाच सांगायचे. पुन्हा विचारलं तर “कान तपासून घ्या, डाक्टर शेजारी हाय” म्हणायचे. आणि मी डोळ्यांचा! त्यांनी सांगितलेला भाव कुणी उलटा तपासून बघितला असं मला आठवत नाही. टेंभुर्णीच्या बागायतदारापासून दुधनीच्या आडत्यापर्यंत सगळ्यांची वाटणी अण्णांच्या शब्दावर अडायची आणि त्याच शब्दावर सुटायची. याचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवतही नव्हते.

बंदूक हातात आली की आधी ती रिकामी आहे याची खात्री करायची. मालक म्हणायचा, रिकामीच आहे की. अण्णा म्हणायचे, समदे असंच म्हणतेत. मग नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरून पुढून एक डोळा मिटून आत बघायचे. बोटावर तोलून बघायचे. दस्त्यावरून, म्हणजे खांद्याला टेकवतात त्या लाकडावरून, अंगठा फिरवायचे. आणि शेवटी बंदूक खाली ठेवून मालकाकडं बघायचे. उंची, मान, हातांची लांबी. मला आधी वाटायचं, ऐपत जोखतायत. नंतर कळलं, हे माप ज्याच्यासाठी बनवलं तोच हा माणूस आहे का, ते बघतायत.

सगळ्यात अवघड काम बदललेल्या रायफलींचं. आपल्या भागात शिकारीच्या जुन्या रायफली पुष्कळ. शिकार बंद झाली, पण रायफली राहिल्या, कुणाच्या शेतात रानडुकरांसाठी, कुणाच्या कपाटात नुसत्या दसऱ्याच्या पूजेला. आणि घरात पडून असलेल्या वस्तूला माणूस हात लावल्याशिवाय राहत नाही. कुणी नळी कापतो, कुणी दुर्बीण बसवायला भोकं पाडतो, कुणी दस्त्यावर वाघ कोरून घेतो. मालकाला वाटतं, एवढा खर्च केला म्हणजे किंमत वाढली. घेणाऱ्याला तो खर्च दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच की ही आता मूळची राहिली नाही. या दोघांच्या मधे कुठंतरी खरा भाव असतो, आणि तो शोधायला अण्णांचा एकच प्रश्न असायचा.

“काढलेलं कुटं हाय?”

बसवलेलं काय आहे ते दिसतंय. पण ते बसवण्यासाठी जे काढलं, तो मूळचा दस्ता, ती मूळची माशी, म्हणजे नळीच्या टोकाला नेम धरायला असतो तो खुंट, तो स्क्रू, ते कुठं आहे? काढलेलं जपून ठेवलं असेल तर बदल परत फिरवता येतो, आणि रायफल पुन्हा पुऱ्या किमतीची होते. टाकून दिलं असेल तर भाव निम्म्यावर. माणसं चक्रावून जायची. अण्णा त्यांना घरी पिटाळायचे, माळा शोधा, गोठा शोधा, म्हातारीला विचारा.

टेंभुर्णीचे एक बागायतदार असेच आले होते. गळ्यात सोन्याची साखळी, रायफलीलाही तशीच चकाकी चढवून आणलेली, दस्त्यावर पितळेचा पत्रा आणि त्यावर स्वतःचं नाव. मोठ्या आशेनं आले होते. अण्णांनी बघितलं आणि जो भाव सांगितला तो ऐकून गृहस्थ लालबुंद झाले. म्हणाले, नुसत्या पॉलिशला याच्यापेक्षा जास्त गेले. अण्णा म्हणाले, ते पॉलिश उतरवायला बी तेवडंच जातंय. आणि मग विचारलं, काढलेलं कुठं आहे. त्यांनी घरी फोन लावला. अर्धा तास आमच्या गल्लीत उभं राहून ओरडाआरडा चालला होता. शेवटी सापडला. मूळचा विलायती दस्ता त्यांच्या आईनं गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावला होता आणि म्हैस त्याला अंग घासत होती. दुसऱ्या दिवशी ते तो घेऊन आले. अण्णांनी वास घेतला, शेण पुसलं, तेल लावलं आणि भाव जवळजवळ दुप्पट करून सांगितला. वर म्हणाले, आईला साडी घ्या. आणि नव्यानं बघितलं म्हणून दुसरा नारळ मागून घेतला.

हा प्रश्न पुढं पुढं त्यांच्या तोंडात इतका बसला की बंदूक असो नसो, यायचाच. मी दुकान नवं केलं, काचेचं चकचकीत काउंटर आणलं. लोक पेढे खाऊन छान छान म्हणून गेले. अण्णा आत आले, चारी बाजूला बघितलं आणि विचारलं, काढलेलं कुठं आहे. वडिलांचं सागवानी टेबल मी भंगारात दिलं होतं. मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी पेढा खाल्ला, पण छान म्हणाले नाहीत. दाताच्या डॉक्टरांकडूनही ते आपली उपटलेली दाढ कागदात बांधून घेऊन आले होते. मी म्हटलं, अण्णा, आता काय, परत बसवणार? तर म्हणाले, टाकायची घाई कशाला.

मला तेव्हा हा त्यांचा विक्षिप्तपणा वाटायचा. त्यामागं काही असेल असं मनातही आलं नाही.

वर्ष-दीड वर्षापूर्वीची गोष्ट. वळसंगचे भाऊ-बहीण आले. भाऊ प्रकाश, सहा फुटी, शेती बघणारा. बहीण नलिनीताई त्याच्यापेक्षा मोठी, झेडपीच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली. उंचीनं एवढीशी की माझ्या दुकानाबाहेर उभी राहिली तर काउंटरवरून फक्त केस दिसावेत. त्यांचे वडील, तात्या, दोन-तीन महिन्यांपूर्वी गेले होते. माणूस गेला की त्याच्या बंदुकीचं काय ते ठरवावं लागतं. वारसानं नावावर करून घ्यायची, दुकानदाराला विकायची, नाहीतर सरकारात जमा. प्रकाशकडं स्वतःची एक होती, त्याला ही विकून मोकळं व्हायचं होतं. येईल ते दोघांत निम्मं.

मी चहा घेऊन त्यांच्या दुकानात शिरलो तेव्हा प्रकाशनं नारळ काचेवर ठेवला होता आणि खोळीची चेन उघडत होता. रायफल बाहेर आली. आजोबांच्या वेळची, विलायती, शिकारीची. नळी लांबसडक आणि तिच्यामागं दस्ता मात्र आखूड, एखाद्या मोठ्या माणसाला लहान मुलाची चप्पल घालावी तसा. अण्णांनी ती हातात घेतली, दस्त्यावर अंगठा टेकवला आणि तसेच थांबले. कागद धरला नाही. नळीत बघितलं नाही.

प्रकाश मोकळा माणूस, बोलत सुटला. म्हणाला, जास्त काही येणार न्हाय हे आमाला ठाऊक हाय, आमच्या आक्कानंच हिचं वाटोळं केलंय. मग सगळं सांगितलं. आक्का तेरा-चौदा वर्षांची असताना तिला नेमबाजीचं वेड. तात्यांचा तिच्यावर जीव. त्यांनी मूळचा दस्ता काढून तिच्या मापाचा आखूड करून घेतला, याच दुकानातून. रोज संध्याकाळी तात्या बांधावर मडकं ठेवायचे आणि आक्का ते फोडायची. आई मडक्यांच्या नावानं ओरडायची. पण नंतर ती रायफल दुसऱ्या कुणाच्या कामाची राहिली नाही. प्रकाश मोठा झाला, त्याच्या तर ती खांद्याला लागायचीच नाही. नलूच्या हौसेपायी घरच्या रायफलीचं मातेरं झालं, ही गोष्ट त्यांच्या घरात लग्नाकार्यात सांगून हसायची झाली होती. तिच्या सासरच्या माणसांसमोरसुद्धा.

नलिनीताई हे सगळं ऐकत पदर नीट करत उभ्या होत्या. मग अण्णांना म्हणाल्या, “मला पैसे नकोत. पेन्शन आहे मला. एवढंच सांगा, माझ्यामुळं बिघडली का ही? तात्या मला कधी बोलले नाहीत. पण दुसरं कुणी बोललं तर त्याला गप्पही करायचे नाहीत, खाली मान घालून बसायचे. आता विचारायला ते नाहीत.”

अण्णांचा अंगठा अजून दस्त्यावरच होता. आता माझ्या जिभेला हाड नाही हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. मला वाटलं, म्हातारा नेहमीचा प्रश्न विसरला. मी कप खाली ठेवत म्हटलं, “विचारा की अण्णा, काढलेलं कुठं आहे?”

उत्तर प्रकाशनं दिलं. म्हणाला, “ते हितंच ठिवलं हुतं की तात्यानं. म्हणाले हुते, पोरगी वाढली की परत बसवू. पण त्याला वाळवी लागली. काय करणार?”

अण्णांनी वर बघितलं नाही. रायफल हळूच काचेवर ठेवली, तिच्या शेजारचा नारळ उचलला आणि प्रकाशच्या हातात परत दिला. इतक्या वर्षांत नारळ परत गेलेला मी पहिल्यांदा बघितला. म्हणाले, रायफल जमा करून जा, मंगळवारी या. भाव आज सांगता येणार नाही. प्रकाश बुचकळ्यात पडला, नलिनीताई जास्तच. त्यांना वाटलं असणार, एवढी वाईट बिघडली आहे की तोंडानं सांगवत नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवारची सुट्टी नसताना दुकान बंद. संध्याकाळी अण्णा स्टेशनच्या बाजूनं चालत आले, अंगावर धूळ, चेहरा उतरलेला. दुधनीला गेलो होतो, म्हणाले. चहा विचारला तर नको म्हणाले. मी चेष्टा करायला तोंड उघडलं आणि देवाची कृपा, मिटलं.

मंगळवारी भाऊ-बहीण आले तेव्हा अण्णांनी मला हाक मारली. म्हणाले, “डाक्टर, तुमी बी या. तुमीच विचारलावता.” गिऱ्हाइकासमोर ते कधी खुर्चीतून उठायचे नाहीत. त्या दिवशी उभं राहून बोलले.

“वाळवी-बिळवी काय न्हवती. तुमच्या तात्यांनी ठिवलेला दस्ता मी दुसऱ्याच्या रायफलीला बसवला.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, एका दमात, कुठं थांबून स्वतःची बाजू न घेता. दुकान तेव्हा नुकतंच त्यांच्या हातात आलं होतं. दुधनीचा एक बडा आडत्या फुटक्या दस्त्याची रायफल घेऊन आला, दसऱ्याच्या पूजेला तयार पाहिजे म्हणाला. एवढं मोठं गिऱ्हाईक, आणि चांगलं लाकूड हाताशी नाही. माळ्यावर वळसंगचा अक्रोडी दस्ता होता. पोरगी वाढायला लई वेळ आहे, तोवर आपण दुसरा तसाच करून ठेवू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण तसं लाकूड मिळालं नाही, आणि पोरी वाढायला वेळ लावत नाहीत. तात्या एक दिवस दारात उभे राहिले. आता परत बसवून द्या म्हणाले. अण्णांच्या तोंडून निघून गेलं, वाळवी लागली.

“तात्या मला एक शब्द बोलले न्हाईत,” अण्णा म्हणाले. “उलट म्हणाले, माझीच चूक, घरी न्यायला पायजे हुता. तंगी, ते तुला दोष देत न्हवते. ते स्वतःलाच बोल लावत बसले, म्हणून कुणाला गप्प करायचं त्यांच्यानं झालं न्हाय. आन तसं त्यांना बसवलं ते मी.”

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. नलिनीताईंनी डोळ्याला पदर लावला. प्रकाशचा चेहरा मात्र तापत चालला होता. तो काचेवर दोन्ही हात टेकून म्हणाला, “म्हंजे एवढी वर्सं आमी आक्काला बोलत आलो, ते तुमच्या एका खोट्यापायी?”

“व्हय,” अण्णा म्हणाले.

माझं मन कुठं थाऱ्यावर होतं? ज्या माणसाच्या शब्दावर अख्ख्या जिल्ह्याच्या वाटण्या होतात तो स्वतःच्या तोंडानं सांगतोय की मी खोटं बोललो. वळसंगात उद्या हे पसरणार. तिसऱ्या माणसाला कधी कळलंही नसतं. वाळवी म्हणून भाव सांगितला असता, नारळ घेतला असता, संपलं असतं. मला त्यांचा राग आला, दया आली आणि अभिमानही वाटला, सगळं एकदमच.

दुधनीत काय झालं तेही त्यांनी सांगितलं. आडत्या कधीच वारला होता. मुलाला बंदुकीत रस नाही, त्यानं ती केव्हाच सरकारात जमा करून टाकली होती. तिच्याबरोबर तो दस्ताही गेला. आता तो कधी सापडणार नाही. 

एवढं झाल्यावर अण्णा नेहमीच्या कामाला लागले. रायफल रिकामी आहे बघितलं. कागद धरून नळीत बघितलं आणि प्रकाशलाही बघायला लावलं, आत आरशासारखी चमक होती. मग ती आडवी धरून नलिनीताईंसमोर केली. धर, म्हणाले. त्या मागं सरल्या. नको, आता कुठं, असं काहीतरी बोलल्या. अण्णांनी हात खाली केले नाहीत. शेवटी त्यांनी घेतली. नळीचं तोंड रिकाम्या भिंतीकडं केलं, दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला, आणि काय सांगू, रायफल खांद्यात जागच्या जागी बसली. निवृत्त झालेली, गुडघे दुखणारी ती बाई एका क्षणात ताठ झाली. तिची उंची त्या तेराव्या वर्षानंतर फारशी वाढलीच नव्हती. खांद्याला दस्ता आणि डोळ्यासमोर माशी, कुठं मान वाकडी नाही की हात ओढलेला नाही. 

अण्णा बघत होते. मग त्यांनी भाव सांगितला. त्यात आकडा नव्हता.

“बाजारात निम्मी बी किंमत येणार न्हाय. मूळचा दस्ता गेला, आता खोटं कशाला बोलू. घेणारा म्हणंल, कुण्या पोरीटोरीची हाय. पण जिच्यासाठी केली तिला आज बी बसती. तिला ही पुऱ्या किमतीची. दोनी भाव खरं हायत. कुटला धरायचा ते तुमी ठरवा. आन बिघडली का म्हणशील, तर रायफल बिघडली न्हाय, तंगी. मी बिघडलो हुतो.”

नलिनीताईंनी रायफल अजून खाली घेतली नव्हती. प्रकाश तिच्याकडं बघत राहिला. मला वाटतं, ती रायफल खांद्याला लावलेली बहीण त्यानं लहानपणी बघितली असेल, आणि नंतर हसण्याच्या भरात विसरून गेला असेल.

“आक्का,” तो म्हणाला, “लायसन काढ.”

लायसन काही झाडाला लागत नाही. अर्ज, पोलीस चौकशी, कशाला पाहिजे या वयात असे प्रश्न, हेलपाटे. तेवढे महिने रायफल अण्णांच्या दुकानातच जमा होती. दर सोमवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, ते अर्धं शटर वर करून बसायचे आणि तिला तेल द्यायचे. नारळ कमी झाले होते. वळसंगात गोष्ट पसरली आणि तिथून पुढं गेली. काही माणसं दुसरीकडं जायला लागली. काही उलट मुद्दाम आली, की जो स्वतःचं खोटं सांगतो तो आमच्या मालाचं खरंच सांगेल. अण्णांनी ना पहिल्यांना अडवलं ना दुसऱ्यांचं कौतुक केलं. एक गोष्ट मात्र बदलली. नळी कापलेली, भोकं पाडलेली रायफल कुणी आणली तर मी भिंतीपलीकडून कान देऊन असायचो, तो प्रश्न यायचा नाही. म्हणायचे, असू दे, हाय ते बघू.

एकदा मीच त्यांना विचारलं की अण्णा, जगाला विचारायचात काढलेलं कुठं आहे, ते दुसऱ्या कुणी त्याच चुकीत पडू नये म्हणून का? ते चिंधीनं नळी पुसत होते. म्हणाले, “न्हाय ओ. एकदा तरी कुणीतरी मला उलटं विचारंल, असं वाटायचं.”

थंडीत लायसन आलं. नलिनीताई एकट्या आल्या, येताना शिरस्त्याप्रमाणं नारळ घेऊन. अण्णांनी तो घेतला नाही. बघणावळ घ्यावी असं काम मी केलं नाही, म्हणाले. त्या बऱ्याच आग्रहानं बोलल्या, शेवटी नारळ पिशवीत ठेवला, रायफलीची खोळ खांद्याला अडकवली आणि एसटी स्टँडच्या दिशेनं गेल्या. एवढीशी बाई आणि एवढी लांब खोळ, गल्लीतली माणसं वळून वळून बघत होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अण्णांनी धंद्याचा परवाना परत केला. हात कापायला लागले होते, आणि पुण्याचा मुलगा ये ये म्हणून मागं लागला होता. बंदुका दुसऱ्या दुकानदाराकडं रीतसर गेल्या. शेवटच्या दिवशी मुलगा टेम्पो घेऊन आला. कपाटं, जाळी, काचेचं काउंटर, सगळं बाहेर मांडलं होतं आणि तो एकेका वस्तूला हात लावून विचारत होता, हे न्यायचं का, ते न्यायचं का. अण्णा प्रत्येकाला मानेनंच नाही म्हणत होते. ज्या माणसानं उपटलेली दाढ जपून ठेवली होती त्यानं आयुष्यभराचं दुकान भंगारवाल्याकडं जाऊ दिलं.

तेवढ्यात नलिनीताई आल्या, वळसंगच्या गाडीतून उतरून थेट. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि रिकाम्या काउंटरवर ठेवलं. मडक्याची एक खापरी होती, तळहाताएवढी. अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं.

“पहिल्याच गोळीला,” नलिनीताई म्हणाल्या. “बांधावर प्रकाशनं ठेवलं होतं.”

हे सगळं कायद्यात कितपत बसतं ते मला विचारू नका. अण्णांनी खापरी उचलली, सवयीनं कानाशी धरून हलवली आणि आपलं आपल्यालाच हसू येऊन खाली घेतली. फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग सदऱ्याच्या खिशात घातली. मुलगा घाई करत होता. ते रिक्षात बसले, तेव्हा त्या दुकानातलं दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं. मी रिक्षाच्या दांडीला धरून विचारलं, अण्णा, सगळं सोडून हे काय घेऊन निघालात?

त्यांनी खिशावर हात ठेवला.

“बघणावळ,” म्हणाले. “पोचली.”